काटेबुवा आणि ओसरीवरची रेघ

अंगणवाडीत सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारणाऱ्याला वाटतं मी म्हणणार, लेकरं सांभाळणं. अजिबात नाही. लेकरं एकमेकांना सांभाळतात. एक रडायला लागलं की दुसरं ते बघायला येतं, आणि बघता बघता दोघंही गप होतात. अवघड काम म्हणजे वजन घेणं.

दर महिन्याला प्रत्येक लेकराचं वजन घ्यायचं आणि तक्त्यावर टिंब द्यायचं. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं तर बरं, पिवळ्यात पडलं तर लक्ष ठेवायचं, लाल पट्ट्यात गेलं तर धावपळ करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण आधी आमच्याकडं लटकता काटा होता, आढ्याला टांगलेला, त्याला झोळी. लेकरांना वाटायचं आपल्याला टांगायला नेऊन राह्यले. आणि आज्या तर त्याहून अवघड. “भाजीपाला मोजावा माय, लेकरू मोजू नये. नजर लागती.” एका आजीनं तर अटच घातली, नातवाला मोजलं की लगेच एक दगड मोजायचा, म्हणजे नजर दगडावर जाईल. मी म्हणलं, मोजते. दोन वर्षं दारात तो दगड होता. एकदा पर्यवेक्षिका मॅडमनी विचारलं, हा काय प्रकार? मी म्हणलं, “मॅडम, काटा बराबर हाय का ते बघायला ठेवलाय.” त्यांनी भेटीच्या वहीत माझी तारीफ लिहिली. आता निवृत्त झाले म्हणून सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

लेकरांची भीती जावी म्हणून मी एक गाणं जुळवलं होतं. मी सातवी शिकलेली बाई, गाणं काय जुळवणार, पण लेकरं काही वृत्त बघत नाहीत.

काटेबुवा, काटेबुवा, मला जरा मोजा,
माझ्या पोटात वरणभात, त्याचाच सारा बोजा.

हा पहिला भाग काट्यावर चढणाऱ्या लेकरानं म्हणायचा. मग बाकीच्यांनी त्याचं नाव घालून दुसरा भाग म्हणायचा.

गणू आला, गणू बसला, काटा हलला थोडा,
उद्या येईल परत तेव्हा ओढायला लागंल घोडा!

आपलं नाव आपण घ्यायचं नाही, ते दुसऱ्यांनी घ्यायचं, असा आमचा पक्का नियम. घोडा म्हणलं की लेकरू हसायचं आणि तेवढ्यात मी आकडा बघून घ्यायची. नोकरीत मी दुसरं काही मोठं केलं नसेल, पण केदारखेड्याच्या आतल्या आमच्या गावात काट्याला बघून रडणारं लेकरू नंतर उरलं नाही.

आता आरूचं सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला बसले.

आरू म्हणजे आरोही, गजानन आणि कविताची लेक, तेव्हा साडेचार वर्षांची. घरात आणखी तिची आजी शेवंताबाई. मिरची आणि मक्याचं रान, खाऊनपिऊन सुखी घर. असल्या घरातल्या लेकराचं टिंब एका जागी अडकलं. एक महिना, दोन महिने, तीन महिने, तेच टिंब. मी आपली लाडू वाढवून देत राहिले. आमचं शिक्षणच तसं झालेलं, वजन वाढत नाही म्हणजे खाणं कमी. मग एक दिवस तिची सलवार वर सरकली आणि नडगीवर निळे डाग दिसले. एक नाही, सात-आठ.

मी तिथंच चुकले. नळावर चार बायका होत्या, त्यांच्यासमोर मी कविताला म्हणलं, “काय गं, लेकराला मारतीस का?”

कविता पांढरी पडली. “ताई, मी तिला बोट लावलं न्हाई.”

“मंग हे काय, मेंदी काढली का नडगीवर?”

कविता घागर तिथंच ठेवून घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आरूला घेऊन भोकरदनला डॉक्टरकडं. कशाला गेली, तर मी लेकराला मारलेलं नाही असा कागद लिहून द्या म्हणायला. तो कागद माझ्या तोंडावर टाकायचा होता तिला. डॉक्टरांनी डाग बघितले, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, आधी रक्त तपासू. तिथून संभाजीनगरचा मोठा दवाखाना. रक्ताचा कॅन्सर.

आठ दिवसांनी कविताचा फोन आला. “ताई, डॉक्टर म्हणले जल्दी आणलं हे बरं झालं. तुम्ही तसं बोलला नसता तर मी गेले नसते.” हे उपकार मानणं होतं का टोमणा, मला आजपर्यंत कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही असेल.

दीड महिना मायलेकी तिकडंच. गजानन एक दिवस इकडं, दोन दिवस तिकडं. शेवंताबाई चुलीपुढं आणि गोठ्यात. मला त्या घरात सगळ्यात नवल वाटलं ते कविताचं. ही बाई त्याआधी जालन्याच्या पलीकडं एकटी गेली नव्हती. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून कोणती गोळी कितीला, कोणती जेवणाआधी, कोणत्या सुईनंतर तोंड येतं आणि कोणत्या सुईनंतर पाय दुखतात, सगळं तोंडपाठ. आणि त्याच बाकड्यावरून फोनवर नवऱ्याला, “वरच्या तुकड्यातली मिरची तोडायला आली आसंल, बघा. अन् आरू विचारती, शेळी व्याली का?” एका कानात दवाखाना, एका कानात रान.

त्यातच मला एक गोष्ट कळली. या आजारात औषध वजनावर देतात. म्हणजे दर वेळी आधी काटा! कविता सांगायची, तिथली लेकरं पांढरा कोट दिसला की किंचाळतात, काटा दिसला की पलंगाखाली जातात. आरू मात्र एका हातात सलाईनची सुई, दुसऱ्या हातानं झगा सावरत काट्यावर चढायची आणि मोठ्यानं म्हणायची, काटेबुवा, काटेबुवा. आठ दिवसांत अख्खी खोली म्हणायला लागली. सिस्टरनी विचारलं, पुढचं कडवं काय? तर ही म्हणे, “ते आमच्या अंगणवाडीतल्या पोरांनीच म्हणायचं आस्तंय. मी घरी गेल्यावर म्हणतेत.”

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आनंदानं हो, पण फिरलं.

आरू घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतली सगळी लेकरं, बावीस, एकामागं एक झग्याला धरून रांगेनं तिच्या घरी नेली. आमच्या कामात गृहभेट नावाची गोष्ट असते, घरी जाऊन विचारपूस करायची. मी म्हणलं, आज अख्खी अंगणवाडीच गृहभेटीला जाईल. पुढं मी, मागं आगगाडी. गावानं बघितलं, कौतुक केलं. आणि आमच्याकडं रीतच आहे, आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर वैर समजतात. त्या सकाळी आधीच अर्धं गाव येऊन गेलं होतं. कुणी केळी, कुणी अंगारा, कुणी मुका.

आरू ओसरीवर बसलेली. डोक्यावर एक केस नाही. लेकरं बघत राहिली तर तीच म्हणाली, “माझं दुसऱ्यांदा जावळ काढलं.” तेवढ्यात सोनू शिंकला. त्याचं नाक वाहत होतं. मी त्याचं नाक माझ्या पदरानं पुसलं. आणि पदर धरलेल्या त्याच हातानं आरूचा गाल कुरवाळला.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहिलं.

लेकरांनी गाणं धरलं. पहिला भाग झाला, आरूनं जागेवरूनच म्हणला. आता दुसरा भाग सुरू होणार, तर आमची मदतनीस कौसाबाई पळत आली. “ताई, मॅडमची गाडी आली! अंगणवाडीला कुलूप बघून फोन करून राह्यल्या!” झालं, आगगाडी उलटी फिरली. गाणं अर्धंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी आरूला ताप. अंगात पांढऱ्या पेशी उरलेल्याच नसतात हो या औषधांनी, साधी सर्दीसुद्धा लेकराला नेऊ शकते. जीपनं नेली. जीप वेशीतून जाताना कविता मागच्या सीटवर आरूला मांडीवर घेऊन बसली होती. मी रस्त्याच्या कडेला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खिडकीची काच वर केली. काच लेकराला वारं लागू नये म्हणून केली असेल. मी तसंच म्हणते स्वतःला.

चार दिवस काय होईल सांगता येत नव्हतं. मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते आणि कुणाच्या ताटात दोनदा पडत होती, कुणाच्या पडतच नव्हती. पाचव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, कुणामुळं आला असं सांगता येत नाही, या आजारात असंही होतं. डॉक्टर सांगायलाच बसलेले असतात. मला माझा पदर माहीत होता.

परत आल्यावर कविता थेट अंगणवाडीत आली. मी म्हणलं, आता ऐकून घ्यायचं, खालमानेनं. तिनं एक कागद माझ्यापुढं ठेवला. दवाखान्यातल्या सूचना होत्या. गर्दी नको, हात धुतल्याशिवाय जवळ नको, कापलेलं फळ नको, शिळं नको, ताप आला की तासाभरात निघायचं.

“ताई, माझ्या सासूबाई कुणाला न्हाई म्हणू शकत न्हाईत, अन् मी बोलले तर लोक म्हणतेत सून माजली. तुमचं गाव ऐकतंय. तुम्हीच थांबवा लोकांना.”

मी म्हणलं, “कविता, मीच त्या दिवशी...”

“वाचून घ्या बराबर,” ती म्हणाली आणि गेली.

मी चुना कालवला आणि तिच्या ओसरीवर आडवी रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं गाव, पलीकडं आरू. बाहेर पाण्याचा डेरा, साबण, आणि कोरोनातले उरलेले मास्क. अंगणवाडी सुटली की रोज दुपारी मी तिथं जाऊन बसायची. शेवंताबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “दारात आलेलं माणूस बाहेर बसवायचं? माणसं तोडली तू आमची.” मी म्हणलं, “मावशी, माणसं पुन्हा जोडता येतील.” त्यांना पुढचं न बोलता कळलं. डोळे पुसून त्यांनी स्वतःच डेऱ्यात पाणी भरलं.

रेघेवर काय काय माणसं आली! एकजण म्हणाला, मी शिकलेला आहे, मला चालतं. त्याला म्हणलं, जंतूला तुमची मार्कशीट दाखवा. एका बाईनं अंगारा आणला, तिला म्हणलं, माझ्या कपाळाला लाव, मी पोचवते. सगळ्यात शहाणी निघाली शेजारची शमीम आपा, बांगड्या विकणारी. ती पहिल्या दिवसापासून रेघेबाहेर पोतं टाकून बसायची आणि तिथूनच मोठ्यानं, “क्या गे आरू, आज कित्ते गोळ्यां खाई?” उकडलेली अंडी आणायची ती सालीसकट. “छिलका नक्को निकालो, उसकी माँ हात धोके निकालेगी.” तिनं घरीच विचार करून काढलं होतं हे. कविता म्हणायची, डॉक्टरांनी पण एवढं बारीक सांगितलं नव्हतं.

आणि मग गजाननचा प्रकार झाला. आरू एकदा म्हणाली, “पप्पा, मलाच एकटीला केस न्हाईत.” हा गडी गेला आणि डोकं चकोट करून आला. मिशीसकट. बाप असावा तर असा, पण आमच्याकडं मिशीसकट चकोट कधी करतात ते सांगायला नको. शेवंताबाईंनी बघितलं आणि हंबरडाच फोडला. “मेल्या, मी जिती हाय अजून!” तो हसला, स्वतःचा फोटो काढला, फोनच्या स्टेटसवर टाकला आणि मोटार लावून पाणी द्यायला रानात गेला. रानात रेंज नाही.

घनसावंगीकडं कविताची मावशी दिलेली. त्यांनी फोटो बघितला. फोन लावला, लागेना. दुपारी गावाच्या वेशीत जीप उभी, अकरा माणसं, टोप्या, पदर, आणि बायकांनी वेशीतूनच सूर लावलेला. अशा वेळी बाई लांबूनच रडत येते आणि घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. मी ओसरीवर. गर्दी अंगणात शिरली तशी मी उठले. त्याच आठवड्यात आरूच्या पेशी पुन्हा खाली गेल्या होत्या. कविता आतून पळत आली, दारात उभी राहिली. मावशी हात पसरून तिच्याकडं निघालेली.

मी रेघेवर आडवी उभी राहिले. “थांबा! रेघेच्या आत पाय टाकायचा न्हाई!”

“लेकरू गेलं अन् ही बया रेघा काय सांगती!” मावशी ओरडली.

तेवढ्यात कविताच्या मागून टकलं डोकं बाहेर आलं. तोंडाला मास्क. कमरेवर हात.

“मी मेले न्हाई,” आरू म्हणाली. “आधी हात धुवा. साबणानं. तुम्ही पण, मामा.”

बायकांचा सूर मधेच तुटला. मग ती मावशी मटकन खाली बसली, आणि रडतच, पण आता दुसऱ्याच रडण्यानं, डेऱ्याकडं सरकली आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली. मागं टोपीवाल्यांची रांग. आरू रेघेपलीकडून हुकूम सोडत होती, “बोटांच्या मधून! बोटांच्या मधून!” शमीम आपा पोत्यावर बसून एवढी हसली की तिला ठसका लागला, आणि आरूनं तिलाही मास्क वर ओढायला लावला. शेवंताबाईंनी अकरा माणसांना अंगणात पंगत वाढली. गजानन संध्याकाळी रानातून आला तर मावशीनं त्याच्या टकल्यावर दोन चापट्या हाणल्या आणि नंतर त्याच टकल्याचा मुका घेतला.

औषधं दोन वर्षांच्या वर चालली. तेवढ्यात मी निवृत्त झाले. वाटेत आणखी तीनदा ताप आला, तीनदा जीप पळाली. दर वेळी कवितानं तासाच्या आत घर सोडलं, भरलेली पिशवी खुंटीला कायम टांगलेली. पाठीत सुई घ्यायच्या दिवशी आरू आईला म्हणायची, तू बाहेर जा, तू रडतीस. आणि कविता बाहेर जाऊन फोनवर ठिबकच्या नळ्यांचं विचारायची.

एक सांगायचं राहिलं. हात धुऊन मास्क लावून एक-दोन माणसं आत येऊ शकतील, असं डॉक्टरांनी पुढं सांगितलं होतं. शमीम आपा जायची, कौसाबाई जायची. मी दोन वर्षांत एकदाही रेघ ओलांडली नाही. गाव म्हणायचं, ताई नियमाच्या पक्क्या. मी ऐकून घ्यायची.

यंदा औषधं बंद झाली. तपासणीला जावं लागतं, पण शाळेत घाला म्हणाले. आरूचा निरोप आला, म्हणजे हुकूमच, “ती गाणं म्हणणारी पोरं आणा. माझं नाव राह्यलंय.”

ती बावीस लेकरं आता पहिली-दुसरीत. काहींचे दात पडलेले, सोनू तर माझ्या खांद्याला लागतो आणि गाणं म्हणायची लाज वाटते त्याला. तरी आणली. ओसरी धुतलेली, रेघ कुठंच नाही. पण लेकरं जिथं रेघ होती तिथंच येऊन थांबली. मीही.

कविता म्हणाली, “आता काय पत्रिका पाठवू का आत यायला?” मग लेकरं आत गेली, त्यांच्या मागं मी.

अंगणवाडीचा काटा आता माझ्या ताब्यात नाही. म्हणून गजाननानं मिरची मोजायचा लटकता काटा ओसरीच्या आढ्याला टांगला, त्याला नवं पोतं बांधलं. आरू पोत्यात बसली, डोक्यावर आता चांगले कुरळे केस आलेत. तिनं पहिला भाग म्हणला. आणि काट्याला लागलेली मिरचीची पूड नाकात गेली, ती जोरात शिंकली.

सगळे जागच्या जागी थिजले. शेवंताबाईंचा हात खुंटीवरच्या पिशवीकडं गेला. आरूनं पुन्हा एकदा शिंकून सांगितलं, “मिरची हाय!” नाक वाहायला लागलं. सवयीनं माझा हात पदराकडं गेला, पदर वर आला, आणि तिथंच थांबला. मी कविताकडं बघितलं.

ती माझ्याकडंच बघत होती. त्या गृहभेटीच्या दिवशीही ती अशीच दारात उभी होती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. सोनूचं नाक, माझा पदर, आरूचा गाल, सगळं तिनं बघितलेलं होतं. आणि तरीही तिनं सूचनांचा कागद माझ्यापुढंच ठेवला होता.

“पुसा की ताई,” ती म्हणाली. “लेकरू थांबलंय.”

मी आरूचं नाक पुसलं. सोनूनं आधी घसा खाकरला आणि मग बावीसजणांनी गाणं धरलं, आरू आली, आरू बसली. काट्याचा आकडा बघायचं मी तेवढं विसरले.